जन्मजात की आनुवंशिक? नवजात अर्भकाचा आंत्ररोध आणि घराण्याची साक्ष

रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यात मुंबई-गोवा महामार्गावर सावर्डे हे गाव आहे. कोकण रेल्वेचे स्थानकही तेथे आहे. जवळच डेरवण असून तेथील वालावलकर रुग्णालय आणि त्यास जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे आसपासच्या वाड्यावस्त्यांतील रुग्णांना उपचारासाठी मुंबईची वाट धरावी लागण्याचे प्रसंग कमी झाले आहेत. अशा कोणत्याही रुग्णालयात एक-दोन दिवसांचे मूल हिरवी उलटी करीत आणले गेले, म्हणजे तपासणी चालू असतानाच घरच्या मंडळींना एक प्रश्न विचारला जातो : तुमच्या घराण्यात पूर्वी असे कुणाला झाले होते काय? उत्तर बहुधा ठाम नकाराचे असते. प्रश्न वैद्यकाचा आहे, पण तो मराठीत विचारला जातो आणि मराठीतच त्याचे उत्तर मिळते. त्यामुळे त्यातील शब्दांचा विचार केल्यावाचून त्या उत्तराची किंमत ठरविता येत नाही.

प्रथम विकाराविषयी. आंत्ररोध म्हणजे आतड्याचा मार्ग बंद असणे. मूल दूध पिते, परंतु ते पुढे सरकत नाही. पित्त आतड्यात उतरते, पण वाट नसल्यामुळे माघारी फिरते आणि उलटीचा रंग हिरवा होतो. निरोगी, पूर्ण दिवसांच्या मुलाला पहिली काळपट, चिकट शी बहुधा चोवीस तासांच्या आत होते. अठ्ठेचाळीस तासांपर्यंत तर जवळजवळ सर्वांनाच होते. ती न होणे आणि पोट फुगत जाणे ही दुसरी दोन लक्षणे होत. मात्र रोध आतड्याच्या अगदी आरंभी असेल तर पोट फुगत नाही, क्वचित थोडी शीही होते, आणि त्यामुळे घरची माणसे निर्धास्त राहतात. नवजात मुलाची हिरवी उलटी ही दूध पचले नाही म्हणून झालेली नसते. तिच्यासाठी गुटी उगाळीत बसण्यात जे तास जातात ते मुलाच्या आयुष्यातून वजा होतात. विशेषतः आतड्याला पीळ पडला असेल तर काही तासांतच त्याचा रक्तपुरवठा तुटून मोठा भाग निकामी होतो. वेळेवर शस्त्रक्रिया झाली आणि नवजात मुलांच्या शुश्रूषेची सोय असली, तर यांतील बहुसंख्य मुले आज वाचतात.

मूल वाचले की दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो मुख्यतः आईला सोसावा लागतो : हे आले कोठून? येथे दोन शब्द एकमेकांत मिसळले जातात. 'जन्मजात' म्हणजे जन्माच्या वेळी असलेले. 'आनुवंशिक' म्हणजे आईबापांकडून वंशपरंपरेने आलेले. पहिला शब्द काळ सांगतो, दुसरा कारण सांगतो. बोलण्यात मात्र 'जन्मापासून आहे' असे म्हणताच 'रक्तातच आहे' हे त्याच्या पाठोपाठ येते, आणि रक्त कोणाचे, याचा शोध बहुधा सुनेच्या माहेरापाशी जाऊन थांबतो.

हा भेद आपल्याकडे कोणालाच ठाऊक नव्हता असे नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्याधींचे जे वर्ग केले आहेत त्यांत बीजाच्या दोषातून येणारे ते आदिबलप्रवृत्त आणि गर्भावस्थेत उद्भवणारे ते जन्मबलप्रवृत्त, असे दोन वर्ग वेगवेगळे सांगितले आहेत. पहिल्याचे पुन्हा मातृज व पितृज असे दोन पोटभेद आहेत. आधुनिक वैद्यकालाही हा विभाग मूलतः मान्य व्हावा. परंतु दुसऱ्या वर्गाचे कारण म्हणून तेथे मातेचा अपचार सांगितला आहे, आणि त्यात गर्भिणीची इच्छा अपुरी राहणे हेही एक कारण मानले आहे. मराठीतील 'डोहाळे' हा शब्द ज्या 'दोहद' शब्दापासून आला, त्याचाच संबंध या कल्पनेशी आहे. डोहाळे पुरविण्याची रीत गोड आहे, तिला कोणी नावे ठेवू नयेत. पण 'डोहाळे पुरले नाहीत म्हणून मुलात वैगुण्य आले', 'ग्रहणात चिरले-कापले म्हणून झाले', ही वाक्ये त्याच विचारातून निघतात. म्हणजे जुन्या वर्गीकरणाने आईला वंशाच्या दोषातून सोडविले खरे, पण वर्तनाच्या दोषात अडकविले. आजचे ज्ञान तिला या दुसऱ्या बंधनातूनही मोकळे करते. ते कसे, हे आंत्ररोधाच्या निरनिराळ्या प्रकारांवरून दिसून येईल.

लहान आतड्याच्या मधल्या व शेवटच्या भागात जो रोध आढळतो त्यात आतड्याचा एखादा तुकडा नाहीसा झालेला असतो, आणि वरचे टोक फुगलेले व खालचे टोक बारीक असे दोन बंद भाग उरतात. असा तुकडा मुळात तयारच झाला नसावा, असा समज फार दिवस होता. परंतु शस्त्रक्रियेत एक विसंगती आढळून येई. रोधाच्या खालच्या भागातही पित्ताचा अंश, गर्भाच्या अंगावरची मऊ लव आणि गर्भजलाबरोबर गिळलेल्या त्वचेच्या पेशी सापडत. वाट कधीच नव्हती, तर हे पदार्थ पलीकडे गेले कसे? अर्थात वाट एकदा होती आणि नंतर बंद झाली. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे जे. एच. लो आणि ख्रिस्तियन बर्नार्ड या दोघा शल्यचिकित्सकांनी याचा छडा लावला. त्यांनी गाभण कुत्रीच्या पोटातील पिलावर शस्त्रक्रिया करून त्याच्या आतड्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या बांधल्या आणि गर्भ पुन्हा जागच्या जागी ठेवून वाढू दिला. पिलू जन्मले तेव्हा त्याच्या आतड्यात माणसाच्या मुलात दिसतो तसाच रोध आढळला. 1955 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हेच बर्नार्ड पुढे 3 डिसेंबर 1967 रोजी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण करून जगप्रसिद्ध झाले. कुत्रीच्या पिलांवरील त्यांचे हे आधीचे काम त्या प्रसिद्धीत झाकले गेले, पण लहान मुलांच्या दृष्टीने ते कमी मोलाचे नव्हते. फुगलेल्या टोकाचाही रक्तपुरवठा हीन असतो, म्हणून ते कापून टाकून मगच दोन्ही बाजू जोडाव्यात, हा व्यवहारातील नियम त्यातूनच दृढ झाला.

येथे अनर्थ घडतो तो गर्भात, रक्तप्रवाह तुटल्यामुळे. आतड्याला पीळ पडतो, किंवा त्याचा एक भाग दुसऱ्यात शिरतो, किंवा ते बेंबीच्या छिद्रात आवळले जाते. तो एक अपघात आहे. बीजात तो लिहिलेला नसतो आणि आईच्या खाण्यापिण्याने तो ओढवतो असेही नाही. हा रोध पूर्णपणे जन्मजात आहे, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत तो आनुवंशिक मुळीच नाही.

ग्रहणी, म्हणजे जठरानंतर येणारा लहान आतड्याचा पहिला भाग, हिच्या रोधाची कथा निराळी आहे. गर्भाच्या दुसऱ्या महिन्यात या भागातील पेशी इतक्या वेगाने वाढतात की नळी काही काळ भरून गेल्यासारखी होते. पुढे तीत पोकळ्या पडून मार्ग पुन्हा मोकळा होतो. हे मोकळे होणे अपुरे राहिले म्हणजे रोध उरतो, अशी उपपत्ती युलिउस टांडलर याने 1900 साली मांडली. या रोधात क्ष-किरण चित्रावर हवेचे दोन फुगे दिसतात, एक जठराचा व दुसरा ग्रहणीचा. असा रोध असलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलांना डाउन संलक्षण असते. 1959 साली झेरोम लझन, मार्त गोतिये आणि रेमों त्युर्पें या फ्रेंच संशोधकांनी या संलक्षणाचे मूळ एकविसाव्या गुणसूत्राच्या जादा प्रतीत असल्याचे प्रसिद्ध केले.

मराठी परिभाषेची खरी अडचण येथे आहे. गुणसूत्र जादा आहे, म्हणजे दोष जनुकीय सामग्रीतला आहे. तरीही तो बहुधा वारशाने आलेला नसतो. आईबापांची गुणसूत्रे बिनचूक असतात. बीजपेशी तयार होताना एक जोडी विलग होत नाही, इतकेच. मातेच्या वाढत्या वयाबरोबर याचा संभव वाढतो. थोड्या कुटुंबांत मात्र आई किंवा बाप यांच्यापैकी एकाच्या गुणसूत्राचा तुकडा स्थान बदलून दुसऱ्यास चिकटलेला असतो, आणि तेव्हा तो पुढच्या अपत्यातही उतरू शकतो. म्हणून 'जनुकीय' आणि 'आनुवंशिक' हे दोन शब्द पर्याय म्हणून वापरणे चूक आहे. पारिभाषिक लेखनात ही चूक वारंवार होते, आणि ज्या आईबापांना ती ऐकावी लागते ते दुसऱ्या अपत्याचा विचारच सोडून देतात.

आता खरोखर वारशाने येणाऱ्या रोधाकडे वळू. काही मुलांच्या आतड्यात रचनेचा दोष नसतो. गर्भावस्थेतील मळच इतका घट्ट व चिवट झालेला असतो की लहान आतड्याचे शेवटचे टोक त्याने बुजून जाते. स्वादुपिंडाच्या विकाराबरोबर हा प्रकार आढळतो हे 1905 साली कार्ल लांडस्टायनर याने नोंदविले. मानवी रक्तगटांचा शोध लावणारा तो हाच शास्त्रज्ञ. या मुलांना पुढे सिस्टिक फायब्रोसिस हा विकार असल्याचे बहुधा आढळते. सातव्या गुणसूत्रावरील त्या विकाराचे जनुक 1989 साली ओळखले गेले. हा पाश्चात्त्यांचा रोग, भारतात तो नाहीच, असे दीर्घकाळ मानले जाई. तो आपल्याकडेही आहे. ओळखला जात नव्हता एवढेच.

हा वारसा अप्रभावी जातीचा आहे. अप्रभावी म्हणजे काय, हे समजण्यासाठी लांडस्टायनरच्याच क्षेत्रातील एक मुंबईचे उदाहरण उपयोगी पडेल. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत एक अज्ञात रक्तगट शोधून काढला. आज तो जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. तो ज्याच्या अंगी असतो त्याच्या आईबापांच्या रक्तात बहुधा काहीच वेगळे दिसत नाही. दोघांकडे त्या जनुकाची एकेक प्रत लपलेली असते, आणि दोन्ही प्रती एकाच अपत्यात आल्या तरच गुण प्रकट होतो. असे आईबाप असतील तर प्रत्येक गर्भारपणात हा संभव चारांत एक एवढा असतो. पहिले मूल तसे झाले म्हणून पुढची तीन सुटली असा त्याचा अर्थ नव्हे. दरवेळी फासे नव्याने पडतात. आईबाप एकमेकांचे रक्ताचे नातलग असले तर एकच लपलेली प्रत दोघांकडे असण्याचा संभव वाढतो, आणि म्हणूनच अशा कुटुंबांत अप्रभावी विकार अधिक दिसतात.

नात्यातील लग्नांचा प्रश्न येथून निघतो. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेसंबंधांवरील आपल्या 1953 च्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण या दोहोंच्या चालींचा मिलाफ होणारा प्रदेश असल्याचे दाखविले आहे. मामाची मुलगी करून घेण्याची चाल येथील अनेक जातींत होती व काही ठिकाणी अजून आहे. कोकणातील मुसलमान समाजात चुलत व मावस भावंडांचा विवाहही संमत आहे. भाषेने या चालीची खूण जपली आहे. जुन्या घरांतून सून सासूला 'आत्याबाई' म्हणते. ज्या मुलीचे लग्न आतेभावाशी होते तिची सासू ही खरोखरच तिची आत्या असते. पुढे चाल सुटली तरी संबोधन राहिले. त्यामुळे आज एखादी बाळंतीण 'आमच्या आत्याबाईंचंही एक मूल असंच गेलं होतं' असे सांगते, तेव्हा त्या तिच्या पित्याची बहीण आहेत की केवळ नवऱ्याची आई आहेत, हे विचारल्यावाचून कळत नाही. पहिल्या अर्थी त्या दोन्ही बाजूंच्या रक्ताच्या ठरतात, दुसऱ्या अर्थी एकाच. तीच गोष्ट 'भाऊ' या शब्दाची. चुलत, मामे, आते, मावस हे सारे भाऊच. आणि 'नात्यातलं लग्न आहे का' या प्रश्नाला 'नाही, मामाकडचं आहे' असे उत्तर येऊ शकते.

याहून गुंतागुंतीचा प्रकार म्हणजे हिर्शस्प्रुंगचा विकार. कोपनहेगनचा बालवैद्य हाराल्ड हिर्शस्प्रुंग याने 1886 साली बर्लिन येथे दोन मुलांची हकीकत वाचून दाखविली. त्यांचे मोठे आतडे प्रचंड फुगलेले होते. रोग त्या फुगलेल्या भागात आहे असे त्याला वाटले आणि पुढे कित्येक दशके वैद्यांनाही तसेच वाटत राहिले. वस्तुतः दोष त्याच्या खालच्या, दिसायला सर्वसाधारण अशा भागात असतो. गर्भावस्थेत आतड्याला चालना देणाऱ्या मज्जापेशी वरून खाली प्रवास करीत जातात. त्या वाटेत थांबल्या तर शेवटचा भाग त्यांच्यावाचून राहतो, सैल होत नाही, आणि वरचे निरोगी आतडे त्याच्याशी झुंजून फुगते. 1948 साली बॉस्टनच्या ऑरव्हर स्वेन्सन याने हा खालचा भागच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि मुले बरी होऊ लागली.

सुमारे पाच हजार जन्मांत एक असे याचे प्रमाण आहे. मुलींच्या सुमारे चौपट मुलगे याने ग्रस्त असतात. 1994 साली दहाव्या गुणसूत्रावरील रेट या जनुकाशी त्याचा संबंध सिद्ध झाला. 2005 साली, मूळचे कोलकात्याचे असलेल्या अरविंद चक्रवर्ती यांच्या संशोधकगटाने त्याच जनुकातील एक सौम्य फरक दाखवून दिला. तो आशियातील लोकांत पुष्कळ आढळतो आणि आफ्रिकेत क्वचित. तो अंगी असलेल्या बहुतेकांना काहीही होत नाही. इतर कारणांची जोड मिळाली तरच विकार प्रकट होतो. अशा वारशाला 'आनुवंशिक रोग' म्हणण्यापेक्षा 'आनुवंशिक प्रवणता' म्हणणे अधिक नेमके होईल. एका मुलाला हा विकार असला तर पाठच्या भावंडाला तो होण्याचा संभव सरासरीने शेकडा चारच्या आसपास असतो. परंतु पहिली रुग्ण मुलगी असेल, किंवा आतड्याचा दीर्घ भाग दूषित असेल, तर तो वाढतो. मुलीत हा विकार एरवी कमी दिसतो. तिच्यात तो प्रकट झाला याचाच अर्थ त्या कुटुंबात प्रवणतेचा भार अधिक आहे.

क्वचित आतडे एका जागी नव्हे तर अनेक जागी बंद असते, आणि त्याच आईबापांच्या पुढच्या मुलातही तोच प्रकार दिसतो. क्यूबेकमधील फ्रेंच भाषिक कुटुंबांत असे रुग्ण पूर्वीच नोंदले गेले होते. 2013 साली टीटीसी7ए या जनुकातील दोष त्यामागे असल्याचे आढळले. त्याच दोषाने मुलाची रोगप्रतिकारशक्तीही दुबळी असते, म्हणून केवळ आतडे जोडून भागत नाही. वर जो अपघाताचा प्रकार सांगितला त्याला हा अपवाद होय. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात; वेगळेपण दिसते ते भावंडांच्या इतिहासात.

आणि येथे आरंभीच्या प्रश्नाकडे परतावे लागते. 'तुमच्या घराण्यात असे कुणाला झाले होते काय?' मराठीत 'घराणे' हा पितृवंशाचा शब्द आहे. विवाहित स्त्रीला हा प्रश्न केला तर ती सासरच्या घराण्याविषयी बोलते. माहेर तिच्या दृष्टीने आता 'दुसरे घर' आहे. मुलाच्या जनुकांपैकी अर्धी ज्या बाजूकडून आली ती बाजू अशा रीतीने प्रश्नाच्या शब्दांतूनच गळून पडते. दोष देताना मात्र तीच बाजू प्रथम आठवते, ही विसंगती कोणाच्या फारशी ध्यानात येत नाही. कोकणातील अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत विसाव्या शतकात छापले गेले. परिश्रम मोठे, पण त्यांत लेकी लग्न होऊन जेथे जातात तेथे रेषा संपते.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या काळात पूर्ण रोध असलेले मूल थोड्याच दिवसांत दगावे. सटवाई कपाळी लेख लिहिते ती पाचवी-सहावीची रात्र. नाव ठेवतात ते बाराव्या दिवशी, बारशाला. कित्येक मुले या दोहोंच्या मध्येच गेली असतील. ज्याला नाव मिळाले नाही त्याची आठवण 'एक मूल लागलं नाही', 'पहिलं जगलं नाही' अशा नपुंसकलिंगी वाक्यात उरते आणि ते वाक्य बोलणारी आजी गेली की तेही उरत नाही. वंशावळीत असे मूल येत नाही. 'आमच्याकडे असे कुणाला नव्हते' या उत्तराचा अर्थ म्हणून पुष्कळदा इतकाच असतो की, ज्यांना झाले ते नाव ठेवण्याइतके जगले नाहीत. हिर्शस्प्रुंगच्या सौम्य प्रकाराची माणसे तर मोठी होऊन 'कायमचा मलावरोध' एवढीच तक्रार करीत राहतात आणि तिला कोणी रोग समजत नाही.

तेव्हा प्रश्नाचे शब्द बदलले पाहिजेत. घराण्याविषयी न विचारता सासर आणि माहेर दोन्हींविषयी वेगवेगळे विचारावे. रोगाचे नाव न घेता 'बारशाआधी गेलेले मूल होते का', 'त्याचे पोट फुगले होते का', 'उलटी कोणत्या रंगाची होती' असे विचारावे, आणि शक्यतो ते घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला, सुनेला बाजूला बसवून, विचारावे. सुनेच्या तोंडून सासूसमोर माहेरची हकीकत नीट येत नाही. आत्या, मामा, भाऊ हे शब्द आले की 'सख्खे की मानलेले, कोणाकडून' हे लगेच स्पष्ट करून घ्यावे. मिळालेली माहिती वैद्यक ज्या आकृतीत मांडते तीत पुरुषाला चौकोन आणि स्त्रीला वर्तुळ असते. गेलेल्यावर तिरकी रेघ मारतात, आणि नाव नसलेल्या मुलालाही त्याचा चौकोन वा वर्तुळ मिळते. या आकृतीची एक प्रत घरच्यांपाशी राहिली तर पुढच्या गर्भारपणात ती सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना दाखविता येईल. ग्रहणीच्या रोधाचे दोन फुगे गर्भाच्या पोटात बहुधा पाचव्या महिन्यानंतरच दिसू लागतात, म्हणून आधीच्या तपासणीत काही दिसले नाही एवढ्यावर विसंबू नये. हिर्शस्प्रुंगचा विकार तर सोनोग्राफीत सहसा दिसतच नाही. त्यासाठी मूल जन्मल्यानंतरचे अठ्ठेचाळीस तास पहिल्या शीकडे लक्ष ठेवावे लागते.